गॅरेजमधला अँगलचा रॅक: मोजमापापासून भिंतीला बांधेपर्यंत

ओळखीपाळखीत कुणाच्या बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये गॅरेजला रॅक उभा करायचा असला की मला बोलावणं येतं. मी पोचतो तेव्हा रॅक बहुतेक वेळा आधीच आणून ठेवलेला असतो आणि तक्रारी सुरू झालेल्या असतात. गाडीचं दार पुरतं उघडत नाही, मधली फळी पोटात वाकली, हात लावला की सगळा सांगाडा डुलतो. ही सगळी दुखणी एकाच गोष्टीतून येतात: खरेदी सगळ्यात आधी होते आणि मोजमाप सगळ्यात शेवटी. म्हणून इथे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. पहिले चार टप्पे घरीच, कागद-पेन्सिल आणि टेप घेऊन करायचे आहेत. तोवर दुकानात जाऊ नका.

लेख भोकांच्या अँगलच्या (एल आकाराच्या लोखंडी पट्टीच्या), नट-बोल्टने जोडायच्या लोखंडी रॅकबद्दल आहे. हा माल तालुक्याच्या गावी मिळतो, मापात कापून मिळतो, आणि उद्या एखादा खण खराब झाला तर तेवढाच बदलता येतो. उदाहरणासाठी ७ फूट उंच, ३ फूट रुंद, दीड फूट खोल आणि पाच खणांचा रॅक धरला आहे. सोसायटीच्या खुल्या किंवा स्टिल्टखालच्या पार्किंगमध्ये असं काही उभारू नका. ती जागा सगळ्यांच्या येण्याजाण्याची असते, आणि आग लागली तर बाहेर पडायची वाटही तीच.

१. सामान बाहेर काढा आणि तोला

गॅरेजमधलं सगळं सामान अंगणात आणा. या कामाचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, पण रॅक किती मजबूत हवा हे दुकानदार सांगू शकत नाही, ते तुमचं सामानच सांगतं. वजनकाट्याची गरज नाही. घरातल्या वजनाच्या मशीनवर आधी नुसते उभे राहा, मग वस्तू हातात घेऊन उभे राहा, आणि वजाबाकी करा.

अंदाज यावा म्हणून काही वजनं देतो. रंगाची २० लिटरची भरलेली बादली २५ ते ३० किलो. दोन बाय दोनच्या चार फरश्यांचा बॉक्सही साधारण तेवढाच. छोट्या गाडीची स्टेपनी १५ किलोच्या आसपास. जुनी मासिकं आणि पुस्तकं भरलेलं खोकं दिसतं त्यापेक्षा नेहमी जड निघतं, २० किलो सहज भरतं. चार बादल्या एका खणावर ठेवल्या की शंभर किलो पार झाले. आपण हे मनातल्या मनात "थोडंसं सामान" म्हणून मोजतो, आणि तिथेच चुकतो.

आता ढीग करा: जड (१५ किलोच्या वर), मधलं, हलकं. प्रत्येक ढिगातल्या सगळ्यात उंच वस्तूची उंची लिहून ठेवा.

आणखी एक ढीग लागतो, रॅकवर अजिबात न ठेवायच्या वस्तूंचा:

- पेट्रोल, थिनर, टर्पेंटाइन. यांची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते, आणि गाडी सुरू करताना किंवा पंपाचं बटण दाबताना उडालेली ठिणगी तिला पुरते. बंद गॅरेजमध्ये यांचा साठा नकोच.
- भरलेला गॅस सिलिंडर.
- इन्व्हर्टरची बॅटरी. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिला मोकळी हवा लागते. शिवाय मोठ्या ट्यूब्युलर बॅटरीचं वजन ५० किलोच्या वर जातं. ती जमिनीवर, तिच्या स्वतःच्या ट्रॉलीवरच बरी.
- फरशी आणि संडास साफ करायचं ॲसिड. बाटलीचं झाकण घट्ट दिसलं तरी त्याची वाफ निसटत राहते आणि आसपासच्या लोखंडाला काही महिन्यांत गंज चढवते. ते बाहेर, सावलीत, मुलांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा, आणि ब्लीचिंग पावडरपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र आली तर क्लोरीन वायू तयार होतो.

तपासा: तुमच्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे वजन आणि उंची आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका.

२. गाडी आत उभी करून माप घ्या

रिकाम्या गॅरेजचं माप घेऊन रॅक ठरवणं ही मला सगळ्यात जास्त वेळा दिसणारी चूक. गाडी रोज जशी लावता तशीच आत आणा. चारही दारं आणि डिकी पूर्ण उघडा. दाराच्या कडा आणि डिकीचं टोक जिथपर्यंत येतं तिथे जमिनीवर खडूने रेघ मारा. रेघेच्या पलीकडे, भिंतीच्या बाजूला जे उरतं तेवढीच रॅकची जागा.

आकड्यांत बघा. गॅरेज ९ फूट रुंद आहे. बऱ्याच लहान गाड्यांची रुंदी आरसे सोडून साडेपाच फुटांच्या पुढे असते. म्हणजे दोन्ही बाजू मिळून साडेतीन फुटांपेक्षा कमी उरले. चालवणाऱ्याच्या बाजूला बसा-उठायला दोन फूट तरी लागतात. दुसऱ्या बाजूला उरला जेमतेम दीड फूट, त्यातही आरसा बाहेर आलेला. इथे दीड फूट खोल रॅक बाजूच्या भिंतीला बसणार नाही, पाहिजे तर एक फुटी, तोही आरशाच्या पुढे किंवा मागे.

अशा गॅरेजमध्ये मागची भिंत वापरा. चार मीटरच्या आतली गाडी म्हणजे जास्तीत जास्त १३ फूट. गॅरेज १८ फूट लांब असेल तर पाच फूट राहतात. गाडी तोंड पुढे करून आत घेत असाल तर दीड फुटी रॅक बसूनही पुढे चालायला वाट राहते. मात्र गाडी उलटी लावत असाल तर डिकी उघडायला लागणारी जागा वजा करा, मग खरा हिशोब कळेल.

माप घेताना भिंतीवरच्या या गोष्टी नकाशात दाखवा: मीटर, मेन स्विच आणि एमसीबीचा बोर्ड, पंपाचं बटण, पाण्याचा कॉक, खिडकी, शटरची पेटी. विजेच्या बोर्डासमोर किमान तीन फूट जागा मोकळी सोडा. रात्री शॉर्टसर्किट झाल्यावर बादल्यांच्या मागे हात घालून मेन बंद करायची वेळ येऊ नये.

छतातून तुळई खाली आलेली असेल तर तिच्या तळापर्यंतची उंचीही मोजा. ती कुठे लागते ते पुढे, जोडणीत येईल.

३. भिंत आणि फरशी समजून घ्या

रॅकचं वजन जमिनीवर येतं, भिंत त्याला पुढे कोसळू देत नाही. या दोन्हींची परीक्षा आत्ताच करा.

भिंत कशाची आहे हे माहीत नसेल तर कोपऱ्यात, नजरेआड, ड्रिलने एक लहान भोक पाडा आणि भुकटी बघा. आधी गिलाव्याची राखाडी भुकटी येईल, तिच्यानंतर येणारा रंग महत्त्वाचा. विटकरी लाल भुकटी आली तर विटांची भिंत. पांढरट, पिठासारखी, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत गेलं तर एएसी ब्लॉक, म्हणजे सिमेंटच्या हलक्या, सच्छिद्र विटा. तांबडी-तपकिरी, खडे मिसळलेली, मधेच पोकळी लागणारी भुकटी म्हणजे जांभा, कोकणात आणि गोव्यात चिऱ्याच्या घरात हीच मिळेल. बिट पुढे सरकेना आणि राखाडी भुकटी येत राहिली तर तुम्ही आरसीसी (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) कॉलमवर आहात, आणि बांधायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही.

सावधान: भोक पाडण्याआधी जवळचे स्विचबोर्ड आणि नळ कुठे आहेत ते बघा. भिंतीच्या आतल्या वायरी आणि पाइप बहुतेक वेळा त्यांच्या सरळ वर, खाली किंवा आडव्या रेषेत धावतात. त्या रेषा टाळा.

आता ओल. रॅक बहुतेक जण मे महिन्यात उभा करतात, आणि मे महिन्यात प्रत्येक भिंत कोरडी दिसते. गेल्या पावसाळ्यातल्या खुणा शोधा: फुगलेले पोपडे, पांढरा लोणा, तळाशी काळपट पट्टा. शंका असेल तर दोन फूट बाय दोन फूट प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावून दोन दिवस ठेवा. कागदाच्या भिंतीकडच्या अंगाला दव धरलं तर ओल भिंतीतून येते आहे. तिच्यावर उपाय आधी, रॅक नंतर. उपाय लगेच शक्य नसेल तर दुसरी भिंत निवडा.

फरशीचं काम लवकर उरकतं. गॅरेजच्या कोब्याला पाणी बाहेर जावं म्हणून उतार दिलेला असतो. जिथे रॅकचे चार पाय येणार तिथे एक सरळ पट्टी आणि लेव्हल ठेवून फरक किती आहे ते मोजा. दीड फुटात अर्धा इंच फरक असला तरी रॅक पुढे झुकतो. हा फरक भरायला कडाप्प्याचे किंवा लोखंडी पट्टीचे तुकडे आणून ठेवा. पुठ्ठा, लाकडाची चीप, फुटक्या फरशीचा तुकडा यांतलं काहीही एक पावसाळा टिकत नाही.

४. खणांच्या उंची कागदावर ठरवा

अंगणातल्या यादीकडे परत या. जड ढिगातली सगळ्यात उंच वस्तू घ्या, तिच्यात तीन इंच मिळवा. तो खालच्या खणाचा गाळा, म्हणजे एका फळीपासून वरच्या फळीपर्यंतची मोकळी उंची. असंच वर चढत जा.

पहिला खण जमिनीपासून आठ इंचांवर ठेवा. अंगणातलं पाणी गॅरेजमध्ये शिरलं तरी बहुतेक वेळा तो वाचतो, खालून झाडू फिरतो, आणि घुशी-उंदरांनी केलेला उद्योग दिसतो. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २०२१ मध्ये चिपळूणला आलं तसल्या पुरापुढे आठ इंच काहीच नाहीत. नदीकाठच्या घरात कागदपत्रं, वायरी आणि मोटारी या रॅकवर ठेवायचा विचारच करू नका, वरच्या मजल्यावर न्या.

माझ्या सवयीचं वाटप असं: फळ्या जमिनीपासून ८, २८, ४४, ५८ आणि ७२ इंचांवर. सगळ्यात वरची फळी सहा फुटांवर येते, तिच्यावर अँगल आणखी एक फूट उभा राहतो आणि कोपऱ्यांना आधार देतो. यापेक्षा उंच खण केला की स्टुलावर चढून सामान काढावं लागतं, आणि अपघात तेव्हाच होतात.

रुंदीबद्दल मात्र आग्रहाने सांगतो. "दोन रॅकऐवजी एकच सहा फुटी करू, दोन अँगल वाचतील," असं जवळजवळ प्रत्येक जण म्हणतो. तसं करू नका. फळीची लांबी दुप्पट झाली की तेवढ्याच वजनाखाली तिचा वाक दुप्पट होत नाही, आठपट होतो. तीन फुटांत दोन मिलिमीटर वाकणारी फळी सहा फुटांत सोळा मिलिमीटर वाकेल. आणि सहा फुटांवर तुम्ही वजनही दुप्पट ठेवणार. तीन फुटांचे दोन रॅक शेजारी ठेवून एकमेकांना बोल्ट करा.

रॅकची खोली दीड फूट पुरते. दोन फुटी रॅकमध्ये मागच्या अर्ध्या फुटात गेलेली वस्तू पुन्हा दिसत नाही, आणि मग आपण तीच दुसऱ्यांदा विकत आणतो.

तपासा: प्रत्येक खणावर कोणतं सामान जाणार आणि त्याचं एकूण वजन किती, हे नकाशात लिहिलं का? जड सामान खालच्या दोन खणांतच आहे ना?

५. दुकानात काय मागायचं, काय तपासायचं

दुकानात "हेवी" आणि "मीडियम" हे शब्द ऐकू येतील. त्यांना काही ठरलेला अर्थ नाही. गेज विचारा, आणि गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो हे डोक्यात पक्कं ठेवा. १४ गेज म्हणजे साधारण २ मिलिमीटर, १६ गेज १.६, १८ गेज १.२, २० गेज ०.९ आणि २२ गेज ०.७ मिलिमीटर. उभ्या अँगलसाठी १४ गेज घ्या. खालच्या दोन जड फळ्या २० गेजच्या आणि पोटाखाली आडवी पट्टी मारलेल्या हव्यात. वरच्या तीन २२ गेजच्या चालतील.

गेज खरा आहे का हे कसं कळणार? व्हर्निअर कॅलिपर असेल तर उत्तमच, पण रंगाची जाडी त्यात मिसळते. मी वजन करून बघतो. एक चौरस मीटर लोखंडी पत्रा एक मिलिमीटर जाड असेल तर ७.८५ किलो भरतो. या हिशोबाने तीन फूट बाय दीड फूट, २० गेजच्या फळीचा नुसता सपाट भागच ३ किलो होतो, वाकवलेल्या कडा आणि पट्टी वेगळ्या. तेव्हा २० गेज म्हणून दिलेली फळी काट्यावर ३ किलोपेक्षा कमी भरली, तर ती २० गेज नाही. दुकानात काटा असतोच. न संकोचता फळी त्यावर ठेवायला सांगा.

अँगल एका टोकाला डोळा लावून दुसऱ्या टोकापर्यंत बघा. पीळ पडलेला असेल तर लगेच दिसतो. असा अँगल परत करा, तो बोल्ट आवळून सरळ होत नाही.

एका रॅकची यादी:

- ७ फुटी अँगल ४
- पत्र्याच्या फळ्या ५
- कॉर्नर प्लेट (कोपरा ताठ धरणारे पत्र्याचे तुकडे) ८
- पायाच्या प्लेट ४
- ८ मिलिमीटरचे, अर्धा इंच लांबीचे नट-बोल्ट वॉशरसह ६५
- मागे कैचीसारख्या मारायच्या क्रॉस पट्ट्या २
- भिंतीसाठी एल क्लँप २ आणि त्यांचे फास्टनर

बोल्टचा हिशोब सोपा आहे. पाच फळ्या, प्रत्येकीचे चार कोपरे, प्रत्येक कोपऱ्याला दोन, म्हणजे ४०. कॉर्नर प्लेटना वरचे दोन-दोन धरून १६. उरलेले क्रॉस पट्ट्यांना, क्लँपना आणि हरवतील त्यांना. दुकानदार अनेकदा मोजून चाळीसच देतो, कॉर्नर प्लेट तर मागितल्याशिवाय देतच नाही. आणि कॉर्नर प्लेटशिवायचा रॅक डुलणारच. यादी हातात धरून एकेक वस्तू मोजून घ्या.

समुद्राजवळ राहत असाल तर अँगल आणि बोल्ट दोन्ही गॅल्व्हनाइज्ड मागा. खारी हवा पावडर कोटिंगला एकदा ओरखडा मिळाला की आतून शिरते. अँगल कापून घेतला असेल तर कापलेल्या टोकाला कानस मारून, घरी आल्याबरोबर रेड ऑक्साइड आणि वर ऑइल पेंट लावा. जोडणी झाल्यावर ती टोकं पायाच्या प्लेटखाली जातात आणि पुन्हा हाती लागत नाहीत.

बोल्ट न लागणारे, ठोकून बसवायचे तयार रॅकही मिळतात. ते घेणार असाल तर दोन गोष्टी बघा. खोक्यावर छापलेली किलोची क्षमता वजन पूर्ण खणावर सारखं पसरलेलं असेल आणि जमीन समतल असेल तेव्हाची असते, फरशीचा एक बॉक्स मधोमध उभा ठेवाल तेव्हाची नाही. आणि त्यातल्या फळ्या पार्टिकल बोर्डच्या असतील तर ओल लागली की त्या फुगतात. त्यांच्या जागी १८ मिलिमीटरचा बीडब्ल्यूआर (ओल सोसणारा) प्लायवूड कापून घाला. बारा मिलिमीटरच्या तुलनेत अठराचा प्लाय सव्वातीन पटींहून जास्त ताठ असतो, तेव्हा इथे काटकसर करू नका.

६. जोडणी: सगळे बोल्ट सैल

हत्यारं: १२-१३ चे दोन पाने, टेप, लेव्हल, ओळंबा, खडू, हातमोजे. पत्र्याच्या कडा हात कापतात, मोजे घातल्याशिवाय फळी उचलू नका. मदतीला एक माणूस हवाच.

आधी मघाशी मोजलेली तुळईची उंची आठवा. ७ फूट उंच, दीड फूट खोल रॅक आडवा जोडून उभा करताना त्याचा कर्ण फिरतो, आणि तो ८६ इंच, म्हणजे ७ फूट २ इंच असतो. तुळई त्यापेक्षा खाली असेल तर आडवा जोडलेला रॅक उभा होणार नाही. तो बाहेर उभा करून आत आणा किंवा जागेवरच उभा जोडा.

१. चारही अँगलच्या वरच्या टोकाला खडूने खूण करा. एक जरी अँगल उलटा लागला तर भोकांच्या ओळी जुळत नाहीत आणि फळी तिरकी बसते. खणांच्या जागाही वरून भोकं मोजून चारही अँगलवर आत्ताच खडूने मांडा.

२. पायाच्या प्लेट लावा. नंतर रॅक उचलून लावायच्या म्हटलं तर लागत नाहीत.

३. दोन अँगल जमिनीवर ठेवा. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची फळी त्यांना जोडा, मग उरलेले दोन अँगल वरून बसवा. फळीची वाकवलेली कड खाली हवी, वर ठेवलीत तर ताटलीसारखं पाणी साचेल. बोल्टचं डोकं बाहेर, नट आत, म्हणजे येता-जाता कपडे किंवा पोती अडकत नाहीत.

४. कॉर्नर प्लेट वरच्या आणि खालच्या फळीला लांब बाजूने, पुढे आणि मागे लावा.

५. रॅक उभा करा, मग मधल्या तीन फळ्या आणि मागच्या क्रॉस पट्ट्या.

सावधान: या संपूर्ण टप्प्यात नट फक्त बोटाने फिरवायचे. पाना लावायचा मोह आवरा. पहिला कोपरा करकचून आवळला की तो जसा असेल तसाच अडकतो. पुढची प्रत्येक फळी त्या चुकीशी जुळवून घेते आणि शेवटची फळी हातोडीने ठोकून बसवावी लागते. माझा स्वतःचा पहिला रॅक मी असाच बांधला होता. तो वर्षभर एका बाजूला झुकलेला राहिला, आणि शेवटी सगळा सुटा करून पुन्हा जोडावा लागला.

७. गुण्यात (काटकोनात) आणा, मग आवळा

रॅक त्याच्या जागेवर न्या, भिंतीपासून दोन इंच सोडून. ही फट हवा खेळायला आणि ओल दिसायला लागते. पायांखाली कडाप्प्याचे तुकडे घालून खालची फळी दोन्ही दिशांनी लेव्हलमध्ये आणा. पुढच्या अँगलला ओळंबा लावा.

आता कर्ण. समोरून, डाव्या वरच्या कोपऱ्यापासून उजव्या खालच्यापर्यंत टेप लावा, मग उलट. दोन्ही मापं सारखी आली तर रॅक गुण्यात आहे. तीन मिलिमीटरपर्यंतचा फरक मी सोडून देतो. त्याहून जास्त असेल तर ज्या कोपऱ्यांमधलं माप मोठं आहे ते कोपरे एकमेकांकडे ढकला आणि पुन्हा मोजा. मागच्या बाजूलाही हेच करा.

मग पाना घ्या. खालच्या फळीपासून वर जा, प्रत्येक फळीला समोरासमोरचे तिरके कोपरे आळीपाळीने आवळा. वॉशर दबला आणि पाना अडला की थांबा. जोर लावत राहिलात तर आटे जातात. दोन फळ्या झाल्या की कर्ण पुन्हा तपासा.

तपासा: रिकाम्या रॅकला खांद्याच्या उंचीवर हात लावून बाजूला ढकला. थोडा लवेल आणि परत येईल, ते ठीक. खटखट आवाज आला तर एखादा बोल्ट सैल आहे किंवा पायाखालचा तुकडा हलतोय.

८. भिंतीला बांधा

लोक हाच टप्पा सोडून देतात. "एवढा जड आहे, कुठे पडतोय," असं म्हणतात. रॅकची उंची त्याच्या स्वतःच्या खोलीच्या चौपटीहून जास्त झाली की मी तो बांधल्याशिवाय सोडत नाही. आपला रॅक ७ फुटांना दीड फूट, म्हणजे साडेचार पटींच्या वर गेला. वरच्या खणातली जड वस्तू पुढे ओढताना, रिव्हर्स घेताना गाडीचा धक्का लागला तर, किंवा एखादं मूल शिडी समजून चढलं तर सगळं वजन पुढे येतं. ते मूल त्याच्या खाली असतं.

मागच्या दोन्ही अँगलना, जमिनीपासून साधारण सहा फुटांवर, एकेक एल क्लँप लावा. भिंतीत काय वापरायचं ते भिंतीवर अवलंबून आहे:

आरसीसी कॉलम किंवा तुळईत ८ मिलिमीटरचा लोखंडी फास्टनर, म्हणजे आवळला की भोकात फुगून बसणारा बोल्ट. भोकाचा व्यास पाकिटावर दिलेला असतो, तोच बिट वापरा. विटांच्या भिंतीत लांब नायलॉन प्लग आणि स्क्रू. भोक विटेच्या मधोमध घ्या, सांध्यात नको. गिलाव्याची जाडी भोकाच्या खोलीत मोजू नका, ती काहीच धरत नाही. एएसी ब्लॉकमध्ये ड्रिलचा हातोडा बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा आणि एएसीसाठीचाच प्लग मागा, साधा फिरत राहतो. जांभ्यात लोखंडी फास्टनर फुगवला की दगड आतून फुटतो. तिथे लांब नायलॉन प्लग किंवा केमिकल अँकर (भोकात रसायन भरून चिकटवायचा बोल्ट).

भोकातली भुकटी फुंकून किंवा छोट्या पंपाने पूर्ण काढा. ही दहा सेकंदांची गोष्ट राहून जाते आणि प्लग अर्धाच आत जातो. भिंत अगदीच पोकळ असेल तर क्लँपऐवजी एक लोखंडी पट्टी आडवी घेऊन ती जवळच्या कॉलमपर्यंत न्या आणि तिथे बांधा.

तपासा: दोन्ही हातांनी वरच्या फळीची पुढची कड धरून रॅक आपल्याकडे ओढा. क्लँपजवळ भिंतीत हालचाल किंवा भुकटी दिसली तर तो प्लग धरलेला नाही. दोन इंच बाजूला नवं भोक घ्या.

९. भरताना

खालून वर भरा. रिकामा करताना वरून खाली या. बादल्या आणि डबे अँगलजवळ, म्हणजे फळीच्या दोन्ही टोकांकडे, हलक्या वस्तू मधोमध. फरश्यांचे बॉक्स उभे ठेवायचे असतील तर फळीवर आधी १२ मिलिमीटरचा प्लायचा तुकडा पसरा.

सगळं भरल्यावर जड फळीच्या पुढच्या कडेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरा ताणून धरा. मधोमध दोरा आणि कड यांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर दिसलं तर वजन कमी करा. फळी सरावाने "बसते" असं कुणी म्हणेल, पण ती वाकत जाते आणि पुन्हा सरळ होत नाही.

रॅकवर एक्स्टेंशन बोर्ड टांगू नका, उघड्या जोडाची वायर अँगलवरून नेऊ नका. सगळा सांगाडा लोखंडाचा आहे, एका ठिकाणी वायर सोलली तर करंट सगळीकडे येतो.

१०. महिन्याने एकदा, मग पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना

भरल्यानंतर महिन्याभरात सांधे आपापल्या जागी बसतात आणि काही बोल्ट सैल होतात. तेव्हा एकदा पाना फिरवा, कर्ण मोजा, क्लँप ओढून बघा.

मे महिन्याच्या शेवटी खालच्या फळीवरची पुठ्ठ्याची खोकी काढून प्लास्टिकचे डबे ठेवा, कारण पुठ्ठा ओल ओढतो आणि ती फळीला देतो. गणपती झाल्यावर, पाऊस ओसरू लागला की पायाच्या प्लेट आणि मागची फट टॉर्च लावून बघा. तांबडा ठिपका दिसला तर तो पॉलिश पेपरने चकचकीत लोखंड दिसेपर्यंत घासा, कोरड्या फडक्याने पुसा, रेड ऑक्साइडचा एक हात द्या, आणि तो पूर्ण वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, वरून ऑइल पेंट लावा. गंजावर थेट रंग लावला तर तो खालून सोलत जातो आणि पुढच्या वर्षी तोच ठिपका रुपयाएवढा झालेला असतो.